समलैंगिकता आणि धर्म : तक्त्यात 'मान्य/अमान्य' लिहून भागेल का?

पाटीपेन्सिल

अभ्यासवर्गात वाटण्यासाठी एक पानाचा तक्ता करतो आहे. डावीकडे धर्म, उजवीकडे समलैंगिकतेबद्दलची भूमिका. आतापर्यंत भरलेलं असं:

हिंदू – मान्य (ऋग्वेद 'विकृतिः एवम् प्रकृतिः', शिखंडी, अर्धनारीश्वर, हंस-डिंभक, खजुराहो). इस्लाम – अमान्य, देहदंड. ख्रिस्ती – पूर्वी अमान्य, आता पोपने लग्नाला मान्यता दिली. बौद्ध – तटस्थ. जैन, शीख, पारशी, ज्यू – कोरे.

चुका कुठे आहेत? मूळ ग्रंथातले क्रमांक आणि दंडाचे आकडे मिळाले तर हवेच आहेत. राजकारण नको, त्यासाठी इथे धाग्यांची कमी नाही.

तळटीप

आधी तो रकानाच काढा. 'मान्य/अमान्य' या एका खणात निदान चार प्रश्न कोंबलेले असतात: राजदंड आहे का? पाप आहे का, म्हणजे प्रायश्चित्त सांगितलंय का? अशा जोडप्याचा विवाहविधी होतो का? आणि अशा व्यक्तीला पुरोहित, भिक्षू, पाद्री होता येतं का? एकाच धर्माची चार उत्तरं चार दिशांना जातात. शिवाय 'समलैंगिक व्यक्ती' ही वर्गवारी एकोणिसाव्या शतकातली. जुने ग्रंथ कृतीबद्दल बोलतात, माणसाच्या ओढीबद्दल क्वचितच.

आता हिंदू रांग. ऋग्वेदाचं वाक्य खोडा, ते ऋग्वेदात नाही. संहिता उघडायच्या आधी भाषाच ते सांगते: संस्कृतात 'एवम्' म्हणजे 'असं, या प्रकारे'. 'आणि' या अर्थाचा 'एवं' हिंदी निमंत्रणपत्रिकांतला आहे. वैदिक ऋषी 'च' म्हणाला असता. मंडल-सूक्ताचा क्रमांक नसलेलं वेदवचन दिसलं की तिथेच थांबावं.

शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी या लिंगबदलाच्या किंवा वेषांतराच्या कथा आहेत. हंस आणि डिंभक हे जरासंधाचे सेनापती. सभापर्वात दुसराच कोणी हंस नावाचा राजा मारला जातो, डिंभकाला वाटतं आपलाच हंस गेला, तो यमुनेत जीव देतो. ते कळल्यावर हंसही त्याच वाटेने जातो. जिवाला जीव देणं आहे, शरीरसंबंधाचा शब्दही नाही. ही उदाहरणं पुरावा म्हणून ठेवलीत तर पहिल्याच आक्षेपाला तक्ता कोसळेल. खजुराहो शिल्प आहे, शास्त्र नव्हे.

खरा मजकूर स्मृतींत आहे आणि तो 'मान्य'पेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. मनुस्मृती घ्या (आवृत्तीप्रमाणे क्रमांक एक-दोनने मागेपुढे होतात):

११.६८ – 'मैथुनं पुंसि', म्हणजे पुरुषाने पुरुषाशी केलेलं मैथुन, 'जातिभ्रंशकर', म्हणजे जात गमवायला लावणारं. त्याच श्लोकात सोबतीला काय आहे ते बघा: ब्राह्मणाला इजा करणं, हुंगू नये ते किंवा मद्य हुंगणं, आणि कुटिलपणा. या गटाचं प्रायश्चित्त ११.१२५ मध्ये: जाणूनबुजून केलं तर सांतपन कृच्छ्र, नकळत घडलं तर प्राजापत्य (दोन्ही उपवासाची व्रतं).

११.१७५ – तेच पुरुषाशी मैथुन, पण शेजारी 'स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा' केलेलं. प्रायश्चित्त: अंगावरच्या कपड्यांसकट स्नान. बस.

म्हणजे एकाच अध्यायात एकदा कृच्छ्र आणि एकदा नुसती आंघोळ. टीकाकारांना हे जुळवताना घाम फुटलेला आहे. तक्त्यात दोन्ही लिहा, एक निवडू नका. आणि हे 'द्विजा'साठी आहे, हेही लिहा.

स्त्रियांसाठी मात्र प्रायश्चित्ताऐवजी थेट राजदंड: ८.३६९, कन्येने कन्येला 'केलं' (बोटांनी कौमार्य भंगलं) तर २०० पण (जुनं नाणं) दंड, दुप्पट शुल्क आणि १० फटके. ८.३७०, प्रौढ स्त्रीने कन्येला केलं तर तत्काळ मुंडण, किंवा दोन बोटं तोडणं, आणि गाढवावरून धिंड. लोक हे दोन श्लोक 'मनूने स्त्री-समलैंगिकतेला क्रूर शिक्षा दिली' म्हणून उचलतात आणि दोन श्लोक मागे बघत नाहीत. ८.३६७ मध्ये पुरुषाने बळजबरीने कन्येला तसंच केलं तर त्याचीही दोन बोटं तोडायची आहेत, वर ६०० पण दंड. बोटं का, ते आता कळेल. गुन्हा कौमार्यभंगाचा आहे, आणि 'शुल्क' म्हणजे वधूमूल्य, जे बापाच्या हातात पडायचं. नुकसानभरपाई त्याची. दोन प्रौढ विवाहित स्त्रियांचं काय, हे हे श्लोक सांगत नाहीत.

अर्थशास्त्र (४.१३) पुरुषाशी संग करणाऱ्याला 'पूर्व साहसदंड' सांगतं, म्हणजे ४८ ते ९६ पण. त्याच वाक्यात स्त्रीशी अयोनिसंग करणाऱ्यालाही तोच दंड. कौटिल्याच्या तराजूत दोन्ही सारखेच. कामसूत्रात (अधिकरण २, अध्याय ९) तृतीया प्रकृती (तिसऱ्या प्रकृतीची माणसं) आणि औपरिष्टक (मुखमैथुन) यांचं वर्णन आहे, दंड नाही; पण ते कामशास्त्र आहे, धर्मशास्त्राच्या खणात भरू नका.

कौलारू

'इस्लाम – अमान्य, देहदंड' यातला पहिला शब्द चारही सुन्नी पंथांच्या पारंपरिक फिक्हला, म्हणजे धर्मकायद्याला, लागू आहे. दुसरा सरसकट लागू नाही.

कुराणात लूतच्या (बायबलमधला सोदोमचा लोट) लोकांची गोष्ट अनेकदा येते (७:८०-८४, ११:७७-८३, २६:१६५-१६६, २७:५४-५५). निषेध स्पष्ट आहे, पण त्यांना शिक्षा अल्लाह करतो. काझीने किती फटके मारायचे ते तिथे नाही. ४:१६ मध्ये 'तुमच्यातले दोघं ते करतील तर त्यांना त्रास द्या, पश्चात्ताप केला तर सोडा' असं आहे. काही भाष्यकार 'दोघं' म्हणजे दोन पुरुष धरतात, काही व्यभिचारी स्त्री-पुरुष. 'करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला ठार मारा' ही हदीस (प्रेषितांच्या नावे सांगितलेलं वचन) अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे, बुखारी आणि मुस्लिम यांच्यात नाही. तिच्या सनदेवरून, म्हणजे कथनसाखळीवरून, जुन्या जाणकारांतच मतभेद होते. शिक्षांतला फरक बराचसा इथून निघतो.

अबू हनीफांचं म्हणणं: लिवात (पुरुषांमधला संभोग) म्हणजे झिना (स्त्री-पुरुषांचा विवाहबाह्य संबंध) नव्हे, शब्दच वेगळा आहे, आणि प्रेषितांच्या सहकाऱ्यांचंच शिक्षेवर एकमत नव्हतं, मग ती 'हद', म्हणजे ठरलेली अटळ शिक्षा, कशी होईल? म्हणून ताझीर, म्हणजे काझीच्या तारतम्यावर. त्यांच्याच दोन शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांनी, गुरूशी असहमत होऊन ते झिनासारखंच धरलं. शाफई पंथात प्रचलित मत झिनासारखं: अविवाहिताला १०० फटके, विवाहिताला दगडांनी मारणं. मालिकी सर्वांत कडक, विवाहित-अविवाहित भेद न करता दोघांनाही दगड. स्त्रियांच्या आपसातल्या संबंधाला (सिहाक) मात्र ताझीरच.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक ओळ टाका: महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई. एकाच राज्यात दोन वेगळ्या फिक्ह. अर्थात भारतात यातली फौजदारी बाजू चालतच नाही. १९३७ चा शरियत कायदा लग्न, तलाक, वारसा अशा बाबींपुरता आहे.

पुराव्याची अट विसरू नका. हदसाठी चार साक्षीदार लागतात आणि त्यांनी प्रत्यक्ष कृती पाहिलेली असावी लागते. झिनाचा आरोप सिद्ध करता आला नाही तर आरोप करणाऱ्यालाच ८० फटके (२४:४). म्हणून ग्रंथातला दंड आणि प्रत्यक्षात झालेल्या शिक्षा यांत मोठं अंतर राहिलं. उस्मानी साम्राज्याच्या १८५८ च्या दंडसंहितेत तर दोन प्रौढांच्या खाजगी संबंधाला शिक्षाच नव्हती. त्याच्या दोन वर्षांनी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात दंडसंहितेचं कलम ३७७ आणलं, ज्याने समलिंगी संबंध गुन्हा ठरला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

उलट बाजूने, आजच्या राज्यांचे कायदे फिक्हची हुबेहूब नक्कल नसतात. इंडोनेशियातला आचे प्रांत शाफई, पण तिथल्या २०१४ च्या कायद्यात कमाल १०० फटके आहेत, देहदंड नाही. मे २०१७ मध्ये दोन तरुणांना ८३-८३ फटके मारले गेले. म्हणजे 'इस्लाम म्हणतो' आणि 'अमुक देशाचा कायदा म्हणतो' हे दोन रकाने. आणि इराणचं उदाहरण लिंगबदलाच्या खणात ठेवा: खोमेनींच्या फतव्याने लिंगबदल शस्त्रक्रिया तिथे चालते, समलिंगी संबंधाला मात्र देहदंड आहे.

वेलचीकेळं

पोपने लग्नाला मान्यता दिलेली नाही. ही चूक मराठी बातम्यांच्या मथळ्यांनी केली, तुमचा दोष नाही.

कॅथलिक शिकवण 'कॅटेकिझम' या चर्चच्या अधिकृत शिकवणग्रंथाच्या (१९९२) परिच्छेद २३५७ ते २३५९ मध्ये आहे. तीन पायऱ्या नीट वेगळ्या ठेवा. कृती: कोणत्याही परिस्थितीत संमत नाही. ओढ: 'अव्यवस्थित' म्हटली आहे, पण नुसती ओढ असणं हे पाप नाही. व्यक्ती: आदर, करुणा आणि संवेदनशीलता दाखवावी, अन्याय्य भेदभाव करू नये; आणि त्या व्यक्तीने ब्रह्मचर्य पाळावं. चर्चमध्ये भांडण होतं ते बहुतेक दुसऱ्या पायरीवर.

१८ डिसेंबर २०२३ ला 'फिदुचिया सुप्लिकान्स' या दस्तऐवजाने परवानगी दिली ती आशीर्वादाची. तोही पाद्रीने उत्स्फूर्त द्यायचा, छापील विधी नाही. नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून नको. लग्नाचे कपडे, लग्नाच्या खुणा, लग्नाचे शब्द नकोत. तरी गदारोळ झाला. मग ४ जानेवारी २०२४ ला व्हॅटिकनने खुलासा केला की असा आशीर्वाद १०-१५ सेकंदांचा असतो. आफ्रिकेतल्या बिशपांनी पुढच्याच आठवड्यात 'आमच्याकडे नको' म्हणून कळवलं. तेव्हा तुमच्या विवाहविधीच्या रकान्यात 'नाही' आणि खाली बारीक अक्षरांत 'आशीर्वाद, अटींसह'.

'गुन्हा असावा का' हा रकाना मात्र वेगळा भरेल. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२३ मध्ये 'समलैंगिक असणं गुन्हा नाही, पण ते पाप आहे' अशा अर्थाचं बोलले आणि लगेच पाप व गुन्हा वेगळे करा म्हणाले. मुंबईचे कार्डिनल ऑसवल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ परत जिवंत केलं तेव्हा, गुन्हा ठरवण्याला विरोध केला होता. गोव्याचा उल्लेख करणार असाल तर हेही: १५६० ते १८१२ मधल्या पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, अखत्यारीत धर्मभ्रष्टतेबरोबर 'नेफांदु', म्हणजे उच्चारू नये असं पाप, हेही येत असे. तेव्हा पाप आणि गुन्हा एकच होते.

प्रोटेस्टंट एकगठ्ठा नाहीत. स्वीडनचं लुथरन चर्च २००९ पासून समलिंगी लग्न लावतं. इंग्लंडचं चर्च लग्न लावत नाही. डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या प्रार्थनासभेत जोडप्यासाठी प्रार्थना म्हणता येते. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांनी १९७२ चं 'ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत' हे वाक्य २०२४ मध्ये काढलं.

सोदोमची गोष्ट (बायबल, उत्पत्ती १९) देताना यहेज्केल १६:४९ शेजारी ठेवा: तिथे सोदोमचा अपराध गर्व, पोटभर अन्न, आणि गरिबाला हात न देणं असा सांगितला आहे. स्पष्ट निषेध सोदोममध्ये शोधण्यापेक्षा लेवीय १८:२२ आणि २०:१३ मध्ये आहे.

तेच लेवीय ज्यूंच्याही रांगेत येतं, पण निकाल तीन. ऑर्थोडॉक्स: निषिद्ध. रिफॉर्म: २००० साली रब्बींना असे विधी करायला पाठिंबा. मधल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाची गंमत बघा: डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या धर्मनिर्णय समितीने 'निषिद्ध' आणि 'गुदमैथुन सोडून बाकी चालेल, रब्बीही होता येईल' अशी दोन परस्परविरोधी मतं एकाच वेळी मंजूर केली. २५ सदस्यांत दोन्हींना १३-१३ मतं. बेरीज २६ होते, म्हणजे कुणीतरी दोन्हीकडे हात वर केला.

पिंपळपान

बौद्धांना 'तटस्थ' लिहून सुटका नाही. गृहस्थ आणि भिक्षू वेगळे करा.

गृहस्थाचं तिसरं शील: 'कामेसु मिच्छाचारा वेरमणी सिक्खापदं समादियामि'. आपल्याकडे विहारात रोज म्हटलं जातं. मिथ्याचार म्हणजे काय हे पाली सुत्तांत सांगितलंय ते वर्ज्य स्त्रियांच्या यादीने: आईच्या, बापाच्या, भावाच्या, बहिणीच्या, नातलगांच्या छत्राखालची, नवरा असलेली, वाङ्निश्चयाची माळ पडलेली वगैरे. त्या यादीत पुरुष नाहीत. याचा अर्थ 'परवानगी' असा काढू नका. त्या यादीला प्रश्न पडलेला आहे तो दुसऱ्याचा हक्क मोडण्याचा. तिबेटी परंपरेने नंतर अवयवांची यादी केली, मुख आणि गुद वर्ज्य. ती नवरा-बायकोलाही तितकीच लागू. दलाई लामा १९९७ मध्ये अमेरिकेत या यादीनेच बोलले होते.

भिक्षूला कोणताही मैथुन हा पहिला पाराजिक, संघातून कायमचा बाहेर. जोडीदार स्त्री, पुरुष की प्राणी, फरक नाही. महावग्गात (संघाच्या नियमांचा पाली ग्रंथ) 'पंडका'ला प्रव्रज्या, म्हणजे दीक्षा, देऊ नये असं आहे आणि त्याचं भाषांतर सर्रास 'समलैंगिक' करतात. अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, पंडकाचे पाच प्रकार आहेत. त्यांत जन्मतः नपुंसक आहे, वृषण काढलेला आहे, आणि महिन्यातला एकच पक्ष पंडक असणाराही आहे. त्या पेटीवर आजची एक चिठ्ठी चिकटत नाही. मूळ शब्दच ठेवा.

देशाचा कायदा पुन्हा वेगळा: थेरवादी थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर. तो संसदेने केला, संघाने नव्हे.

जैनांचं तत्त्व मला सगळ्यांत काटेकोर वाटतं, आणि नेमका तोच खण कोरा राहतो. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात मोहनीय (मोहात पाडणाऱ्या) कर्माच्या नऊ नोकषायांत, म्हणजे सौम्य विकारांत, स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद येतात. 'वेद' म्हणजे इथे कामवासनेची जात. द्रव्यवेद म्हणजे शरीराची घडण, भाववेद म्हणजे ओढ. आणि दिगंबर परंपरेत ही दोन्ही एकाच माणसात वेगवेगळी असू शकतात असं मानलं आहे. पुरुषाच्या देहात स्त्रीवेद, ही त्यांच्या दृष्टीने कर्माची नोंद आहे. गोम्मटसार या दिगंबर ग्रंथात तिघांना तीन अग्नी दिलेत: पुरुषवेद गवताच्या आगीसारखा, भडकला की विझला, स्त्रीवेद गोवऱ्यांसारखा, आत धुमसणारा, नपुंसकवेद विटांच्या भट्टीसारखा. कोणताही वेद असो, मोक्षासाठी तिन्ही विझवायचे. म्हणजे मान्यता नाही, पण वेगळा खड्डाही नाही.

शीख: गुरू ग्रंथ साहिबात थेट उल्लेख नाही. विधीच्या रकान्यात 'नाही': जानेवारी २००५ मध्ये अकाल तख्ताच्या (शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ) जथेदारांनी कॅनडातल्या शिखांना समलिंगी विवाहाला विरोध करायला सांगितलं. पारशी: वेंदिदाद (अवेस्तातला नियमग्रंथ), आठवा फर्गर्द, म्हणजे अध्याय. बळजबरी झालेल्यालाही ८०० फटके आहेत, स्वेच्छेने करणाऱ्याला प्रायश्चित्तच नाही आणि ८.३२ त्याला 'दएव', म्हणजे राक्षस, म्हणतं. ग्रंथ म्हणून सगळ्या यादीत हा सर्वांत कठोर, तरी मुंबईत त्यावरून कुणी फटके मोजत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. चार रकाने केले. दोन शंका. जोगते आणि तृतीयपंथी हिंदू रांगेत घ्यावेत का? आणि पंडितजींनी दोन मुलींचं लग्न लावलं तर तो गुन्हा होतो का?

कलमकसाई

जोगते-तृतीयपंथी इथे नकोत, किंवा वेगळ्या पानावर. यल्लम्माला वाहिलेला जोगता हा लिंगओळखीचा आणि देवाच्या सेवेचा विषय आहे. कुणावर प्रेम आहे हा प्रश्न त्यात गृहीत धरता येत नाही. कायद्यातही दोन वाटा आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' शब्दात तृतीयपंथी स्त्री येते असं ठरवलं आणि पुरुषाशी झालेलं तिचं लग्न नोंदवायला लावलं. तो समलिंगी विवाह नव्हे.

पंडितजींचं: गुन्हा नाही. ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधापुरतं ६ सप्टेंबर २०१८ ला गेलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. (त्यामुळे पुरुषावर झालेल्या बलात्काराला नेमकं कलम उरलेलं नाही, ही वेगळी अडचण.) अडतं ते नोंदणीला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सप्तपदी असेल तर सातव्या पावलावर विवाह पूर्ण होतो, पण कलम ५ म्हणतं, नवरदेव २१ वर्षांचा आणि वधू १८ वर्षांची हवी. दोन वधूंचा अर्ज निबंधक घेत नाही. विधी होतो, दाखला मिळत नाही, वारसा-पेन्शन-विमा काही नाही.

समलिंगी विवाहाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल देताना नेहमी होणारी चूक: तो 'धर्माविरुद्ध' खटला नव्हता. घटनापीठाने सुनावणीच्या सुरुवातीलाच व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही म्हटलं. वाद विशेष विवाह कायद्यावर होता. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एकमत. नागरी सहजीवनाला मान्यता नाही हे ३ विरुद्ध २. आणि ३७७ शिथिल करणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं ती यादी वाचा: मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना, एक ज्योतिषी. एरवी एका मांडवात न येणारी मंडळी.

तळटीप

मराठी वाचकासाठी समासात एक नोंद चालेल. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

पाटीपेन्सिल

घेतो. हिंदू रांगेतला प्रायश्चित्ताचा खण असा लिहिलाय, बघा: 'मनू ११.१२५: सांतपन (१ दिवस उपवास) / प्राजापत्य (१२ दिवस). मनू ११.१७५: सचैल स्नान.'

तळटीप

सांतपन दुरुस्त करा. ११.२१३ प्रमाणे पहिल्या दिवशी गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप आणि कुशोदक (दर्भाचं पाणी) एवढंच घ्यायचं, मग एक रात्र उपवास. टीकाकार ते दोन दिवसांचं धरतात. प्राजापत्याचे १२ बरोबर: ३ दिवस फक्त सकाळी जेवायचं, ३ दिवस फक्त संध्याकाळी, ३ दिवस न मागता मिळेल ते, शेवटचे ३ उपाशी.